मूत्रपिंडाचा विकार आणि हृदयाचे आरोग्य

मूत्रपिंडाचा आजार म्हटला की पुष्कळांना प्रथम मुतखडा आठवतो. मुतखडा असह्य वेदना देतो, म्हणून रुग्ण तातडीने डॉक्टरांकडे धाव घेतो. परंतु मूत्रपिंडांची कार्यशक्ती हळूहळू क्षीण करणारा दीर्घकालीन विकार दुखत नाही, खुपत नाही. पायांवर सूज येते, दम लागतो, अन्नावरची वासना उडते, तोवर बहुधा फार उशीर झालेला असतो. या विकाराच्या अनेक रुग्णांचा मृत्यू मूत्रपिंडे निकामी होण्यापूर्वीच हृदयविकाराने होतो, ही गोष्ट अद्याप पुरेशी परिचित नाही.

दोन अवयव, एक साखळी

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे 10 लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाकाठी सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातील बहुतेक भाग शरीराला परत देतात. मधुमेह व उच्च रक्तदाब यांमुळे या गाळण्या निकामी होऊ लागल्या की शरीरात मीठ व पाणी साठते आणि रक्तदाब आणखी वाढतो. तांबड्या पेशी तयार होण्यास आवश्यक असे संप्रेरक कमी पडल्याने रक्तक्षय होतो व हृदयाला अधिक श्रम पडतात. कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचा तोल बिघडून रक्तवाहिन्या कठीण होतात. अशा रीतीने एका अवयवाचे दुखणे दुसऱ्याच्या मुळावर येते.

अमेरिकेत 2008 ते 2011 या काळात स्पॅनिशभाषक वंशाच्या 16 हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी करण्यात आली. त्यांत शंभरात सुमारे 14 जणांना हा विकार असल्याचे आढळले. तेथील ही स्थिती आपल्याला परकी नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे 10 कोटी लोकांना मधुमेह आहे. यांतील प्रत्येकाच्या मूत्रपिंडांना धोका संभवतो.

खानदेशातील खबरदारी

पापड, लोणचे, शेव आणि ठेचा यांची खानदेशी जेवणात रेलचेल असते. या पदार्थांतून नकळत बरेच मीठ पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा, म्हणजे सुमारे एका चमच्यापेक्षा, कमी मीठ सुचविले आहे. वैशाखातील प्रखर उन्हात राबणाऱ्या शेतमजुरांनी वेळोवेळी पाणी पिणे अगत्याचे आहे. अंगदुखीवर दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळ्या घेण्याची सवय मूत्रपिंडांना घातक ठरते. शरीरातील पाणी घटलेले असताना तर ती अधिकच घातक होय.

रावेर-यावलची केळी निरोगी माणसासाठी उत्तम फळ आहे. मात्र मूत्रपिंडाचे कार्य फार घटलेले असल्यास केळीतील पोटॅशियम रक्तात साठून हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. बाजारात मिळणाऱ्या 'कमी सोडियमच्या' मिठातही बहुधा पोटॅशियम असते. म्हणून अशा रुग्णांनी या दोन्ही गोष्टींबाबत डॉक्टरांचा सल्ला घेतला पाहिजे.

तपासणी आणि उपचार

निदानासाठी दोन साध्या तपासण्या पुरतात : लघवीतील अल्ब्युमिन या प्रथिनाची आणि रक्तातील क्रिएटिनिनची. क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडांच्या गाळण्याचा वेग काढला जातो. हा वेग मिनिटाला 60 मिलिलिटरपेक्षा कमी असेल, किंवा लघवीतून प्रथिन जात असेल, आणि ही स्थिती तीन महिने टिकली, तर विकार आहे असे समजतात. मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी वर्षातून एकदा या तपासण्या करून घ्याव्यात. वेळीच निदान झाल्यास रक्तदाब व साखर यांवरील नियंत्रणाने, तसेच मूत्रपिंड आणि हृदय या दोहोंचे रक्षण करणाऱ्या औषधांनी रोगाची गती मंदावता येते.

अखेरच्या अवस्थेत डायलिसिस किंवा मूत्रपिंड प्रत्यारोपण हेच मार्ग उरतात. राज्याची जीवनदायी आरोग्य योजना 2 जुलै 2012 रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत धुळ्याचा समावेश होता. पुढे ती राज्यभर लागू झाली व 2017 पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. डायलिसिसचा खर्च या योजनेत अंतर्भूत आहे. राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमही 2016 पासून राबविण्यात येत आहे. तथापि उपचार विनामूल्य झाला तरी आठवड्यातून दोन-तीन फेऱ्या, प्रत्येक वेळी सुमारे चार तास आणि तितक्या दिवसांची बुडालेली मजुरी, हा भार साक्री वा चोपड्याच्या खेड्यातील कुटुंबावर पडतोच.

गावाचा वाटा

तीस वर्षांवरील सर्वांची मधुमेह व रक्तदाब तपासणी आरोग्य केंद्रांमार्फत केली जाते. या तपासणीस गावातील किती जण आले व किती राहिले, याचा आढावा ग्रामसभेत घेता येईल. ज्यांना मधुमेह वा रक्तदाब आहे त्यांची लघवी व रक्त तपासले गेले काय, हे आशा कार्यकर्तीच्या साह्याने पंचायत सदस्यांना पाहता येईल. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना मिठाचे प्रमाण आणि वेदनाशामक गोळ्यांचा धोका समजावून दिल्यास तो विचार घराघरांत पोहोचेल. दुखत नाही म्हणून तपासणी टाळणे हाच या रोगाचा मोठा आधार आहे. तो काढून घेणे गावाच्या हाती आहे.