कर्ज किती, यापेक्षा फेड कशातून?



वसई म्हटली की आपल्याला १७३९ साली चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून जिंकलेला किल्ला आठवतो. पण त्याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला. होळकरांपुढे हार खाऊन तो तिथे आश्रयाला गेला होता. गादी राखायला इंग्रजी फौज हवी होती. तिच्या खर्चापोटी वर्षाला २६ लाख रुपये वसुलीचा मुलूख त्याने तोडून दिला. ते काही कर्जखत नव्हते. पण ज्यातून खर्च भागायचा ते उत्पन्नच हातचे गेले. बैलाच्या वैरणीसाठी रान विकावे, तशातली गत! १८१८ साली राज्यच बुडाले.

आज त्याच वसई तालुक्यात, विरारला, मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे स्टेशन व्हायचे आहे. या कामाचा मूळ अंदाज १ लाख ८ हजार कोटी रुपयांचा. त्यातले ८१ टक्के जपानचे कर्ज, व्याज अवघे ०.१ टक्का, मुदत ५० वर्षे आणि पहिली १५ वर्षे मुद्दलाचा हप्ता नाही, असे ठरले. ऐकायला गोड आहे. पण कर्ज येनमध्ये आणि तिकिटाचे पैसे रुपयांत. रुपया घसरला की हप्ता फुगणार. तेव्हा व्याज किती एवढेच विचारून भागत नाही. फेड कशातून होणार, हेही विचारावे लागते.

आता आपल्या राज्याचे पाहू. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पाप्रमाणे शासनावरील कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींच्या घरात जाते. आकडा ऐकून छाती दडपते. पण राज्यातील एकूण उत्पादनाच्या मानाने तो १९ टक्क्यांच्या आतच आहे. शासन जुने कर्ज नव्या कर्जातून फेडते. आपल्या सोसायटीत ज्याला आपण ‘नवं-जुनं’ म्हणतो तेच. त्यात वावगे काही नाही, मात्र उत्पन्न व्याजापेक्षा वेगाने वाढले पाहिजे. विहिरीसाठी कर्ज काढले तर एकरी टनेज वाढते आणि ऊसबिलातून हप्ता कापला तरी घर चालते. लग्नासाठी काढले तर हप्ता तेवढा मागे राहतो.

काळजीची गोष्ट इथेच आहे. त्याच अर्थसंकल्पात महसुली तूट ४५ हजार ८९१ कोटींची दाखविली आहे. म्हणजे काही कर्ज पाटाला, रस्त्याला न लागता घरखर्चात जाणार. आणि महसुली जमेच्या शंभरातले सुमारे बारा रुपये आधीच व्याजाला जातात. ‘ऋण काढून सण’ एखाद-दुसऱ्या वर्षी खपतो, दरसाल नाही.

यात आपलाही संबंध आहे बरं का! सहकारी कारखान्यांच्या कर्जाला शासन थकहमी देते. ती कर्जाच्या आकड्यात दिसत नाही. पण कारखान्याने थकविले की बँक शासनाच्या दारात जाते आणि भार सर्व जनतेवर पडतो. शासनाला काटकसर शिकविण्याआधी आपण आपला ताळेबंद वाचावा. वार्षिक सभेत ‘दर किती?’ हे जरूर विचारा. त्याच दमात ‘कर्ज कशासाठी काढलं, आणि फेडणार कशातून?’ हेही विचारा. हा प्रश्न विचारणारा सभासद कारखान्याचा वैरी नव्हे, खरा राखणदार आहे.