ई-पीक पाहणी ॲप बदललं कसं? बांधावरच्या बोलण्याचं महत्त्व समजून घ्या

हिंगोलीत सोयाबीनमध्ये तूर नेहमीचीच. पण ती मोबाईलवर नोंदवताना अडलं, की शेतकरी थेट तलाठ्याला गाठतो.

सॉफ्टवेअरमध्ये काय हवं, याची यादी म्हणजे 'रिक्वायरमेंट'. ती बैठकीइतकीच अशा बोलण्यातूनही घडते.

ई-पीक पाहणी राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ ला सुरू झाली. शेतकरी, महसूल कर्मचाऱ्यांच्या सूचनांनंतर १ ऑगस्ट २०२२ ला दुसरी आवृत्ती आली.

काय बदललं?
• मुख्य पिकासोबत तीन दुय्यम पिकं
• ४८ तासांत एकदा दुरुस्तीची सोय

धोका कुठे?
तोंडी तक्रार कुणी लिहूनच घेतली नाही, तर ती ॲप बनवणाऱ्यांपर्यंत पोहोचत नाही. इकडे सातबाऱ्यावर पीक चुकलं, की मदत मिळताना अडचण येते. म्हणून तलाठ्याला सांगाच, सोबत स्क्रीनशॉटही द्या.