बोटीचं स्टिअरिंग जाम झालंय? हातोडा उचलण्याआधी एक बोल्ट काढा



आउटबोर्ड इंजिनावरचा व्हिडिओ टाकला तेव्हा पहिलाच प्रश्न आला, "सर, आपल्या परळीत बोट कुठंय?" बरोबर आहे. परळीत वैजनाथाचं मंदिर आहे, थर्मलची चिमणी आहे, समुद्र मात्र शेकडो किलोमीटर लांब. पण पाणी आहे ना! बीड जिल्ह्याच्या उत्तरेच्या सीमेवरून गोदावरी जाते, माजलगावला सिंदफणेवर धरण आहे, वर पैठणला जायकवाडी आहे. सप्टेंबर २०२५ च्या पुरात बीड आणि धाराशिव जिल्ह्यांत माणसं बाहेर काढायला बोटी लागल्या, हेलिकॉप्टरही लागलं. या बोटी वर्षातले बहुतेक महिने शेडमध्ये पडून असतात आणि एका दिवशी अचानक त्यांची गरज पडते. त्या दिवशी इंजिन चालू झालं आणि स्टिअरिंगच फिरलं नाही तर वाहत्या पाण्यात काय होईल, सांगायची गरज नाही.

म्हणून आज हे काम नीट समजून घेऊ. ज्याचं ट्रॅक्टरचं किंवा टू-व्हीलरचं गॅरेज आहे त्याला हे अवघड नाही. फक्त क्रम चुकवायचा नाही.

आमच्या बॅचमधल्या एका मुलाने क्रम चुकवला होता. ट्रॅक्टरच्या कामात हात एकदम बसलेला. एका तळ्यावरच्या बोटीचं काम आलं. मालक फोनवर म्हणाला, "स्टिअरिंग फिरंना झालंय, किती घेताल?" यानं फोनवरच आकडा सांगून टाकला. तिथं गेला, रॉड अडकलाय एवढं पाहिलं आणि सरळ हातोडा घातला. रॉडचं टोक ठोकून ठोकून छत्रीसारखं पसरलं. आता ते टोक नळीतून जाणार कसं? नळीच्या आट्याही खराब झाल्या. ती नळी बदलायची तर इंजिन बोटीवरून उतरवावं लागतं, कारण इंजिन तिच्याच आधाराने लटकलेलं असतं. दोन दिवस गेले, मदतीला माणसं लावली, नवीन नळीचे पैसे खिशातून भरले. मजुरी मात्र फोनवर सांगितली तेवढीच.

आधी रचना बघू. आउटबोर्डला कारसारखी चाकं वळवायची नसतात. मागचं अख्खं इंजिनच डावीकडे-उजवीकडे वळतं. ते एका उभ्या पिनवर फिरतं. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा किंगपिन आठवा, जवळजवळ तसंच. समोरच्या स्टिअरिंगपासून मागे एक जाड केबल येते, क्लच वायरची मोठी बहीण म्हणा. तिच्या टोकाला स्टीलचा रॉड असतो. हा रॉड इंजिनाच्या पुढच्या बाजूच्या एका आडव्या नळीतून आरपार जातो, तिला टिल्ट ट्यूब म्हणतात. रॉडच्या टोकाला एक छोटा दांडा जोडलेला असतो, तो इंजिनाला ढकलतो आणि ओढतो. म्हणजे जाम व्हायच्या जागा चार: उभा पिन, नळीतला रॉड, केबल आणि पुढचा स्टिअरिंगचा गिअर. बाहेरून चारही सारखेच वाटतात. फिरत नाही म्हणजे फिरत नाही!

म्हणून पहिलं काम, दांडा इंजिनाला जिथं जोडलाय तो एक बोल्ट काढा. त्याआधी बोट ट्रेलरवर किंवा भक्कम ठोकळ्यांवर घ्या, चावी काढा, बॅटरीची वायर सोडा. आता इंजिन हाताने दोन्ही बाजूंना ढकलून बघा. लोण्यासारखं फिरलं, तर पिन ठीक आहे, दोष पुढे आहे. हाताने पण हलत नसेल, तर केबलला हात लावू नका, दोष पिनमध्येच आहे. पाच मिनिटांचं काम आहे, पण अर्धं निदान इथंच होतं.

इंजिन मोकळं असेल तर पुढची पायरी. केबल नळीला मोठ्या नटने बसवलेली असते. तो सोडा आणि रॉड नळीतून बाहेर ओढून बघा. निघाला आणि तरीही समोरचं चाक जड असेल, तर केबल किंवा गिअर गेलाय. केबल आतून गंजली की तिच्यात तेल ओतत बसू नका. चार दिवस चालेल, पाचव्या दिवशी पाण्यात दगा देईल. केबल बदलायचीच. जुन्या केबलवर लांबी छापलेली असते, तिचा फोटो काढून त्याच मापाची मागवा. गिअर खराब असेल तर तोही अख्खा बदलतात.

रॉड निघतच नसेल, तर तुमचा खरा पेशंट सापडला. बहुतेक वेळा हाच असतो.

तो अडकतो कशामुळे? धरणाच्या गोड्या पाण्यात मुख्य कारण म्हणजे वाळलेलं ग्रीस. बोट सहा-आठ महिने न हलवता ठेवली की जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट होतं, त्यात धूळ आणि ओल जाते, रॉडवर गंज धरतो. कोकणात, मालवण-तारकर्लीकडे, मिठाचं पाणी आहे. तिथं ॲल्युमिनियम आणि स्टील एकमेकांना लागून असले की गंज फार वेगाने चढतो. रोग एकच, तिकडे लवकर होतो एवढंच.

सोडवायचं कसं? घाई नाही करायची. नळीच्या दोन्ही टोकांना गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि चहा प्यायला जा. परत मारा. जमलं तर रात्रभर मुरू द्या. दुसऱ्या दिवशी नळीला बाहेरून उष्णता द्या, पण हीट गनने, गॅसच्या ज्योतीने नाही. त्याआधी पेट्रोलची टाकी आणि पाईप बोटीतून काढून लांब ठेवा, आणि काम उघड्यावर करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचून राहते आणि दिसत नाही. हा मुद्दा मी वर्गात तीनदा सांगतो, इथं एकदाच लिहितोय, पण तीनदा वाचा.

नळी गरम झाली की रॉडच्या टोकावर लाकडी ठोकळा किंवा पितळी दांडा धरून हलके ठोके द्या. हातोडा थेट रॉडवर नको, नाहीतर वरचा किस्सा. अर्धा इंच गेला की स्प्रे मारा, उलट बाजूने मागे आणा, पुन्हा पुढे. एक रॉड असा काढायला मला अख्खी दुपार लागली होती. समोरचं स्टिअरिंग जोर लावून फिरवायचा मोह आवरा, गिअर तुटेल.

रॉड निघाल्यावर त्याला बारीक पॉलिश पेपर मारा. खोल खड्डे पडले असतील तर केबलसकट तो बाद. नळीत गोल तारेचा ब्रश रॉकेल लावून फिरवा, जुनं ग्रीस पूर्ण काढा, कापडाने कोरडी करा. मग पाण्याला टिकणारं मरीन ग्रीस लावून जोडा. लॉक नट जुने वापरू नका, नवीनच घाला. नट दहा-वीस रुपयांचा असतो, पण त्याच्यावर माणसं बसलेली असतात.

पिन जाम असेल तर त्याला ग्रीस निपल असतं. गन लावा आणि जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप करा. ग्रीस जातच नसेल तर आधी निपल बदला, अनेकदा तेवढंच बंद झालेलं असतं. तरीही हलत नसेल तर स्प्रे, उष्णता आणि इंजिन हाताने थोडं इकडे, थोडं तिकडे. याला दोन-तीन दिवस लागू शकतात, गिऱ्हाईकाला तसं आधीच सांगा.

आता एक गोष्ट जी चांगले मेकॅनिकही चुकतात. टिल्ट ट्यूबवर निपल असेल, तर ग्रीस मारण्याआधी स्टिअरिंग फिरवून रॉड पूर्ण आत घ्या. रॉड बाहेर असताना ग्रीस भरलं तर आतली रिकामी जागा ग्रीसने भरून जाते. मग रॉड परत यायला जागाच राहत नाही आणि स्टिअरिंग मधेच अडकतं. म्हणजे सर्व्हिसिंग करून आपणच बोट जाम करून ठेवायची!

छोट्या इंजिनाला चाक नसतं, मागे बसून दांड्याने वळवतात. तिथं काही खोलण्याआधी घर्षण कमी-जास्त करायचा स्क्रू बघा. कुणीतरी तो आवळून ठेवलेला असतो, बस्स. हायड्रॉलिक स्टिअरिंगचं तंत्र वेगळं, त्याचा इथं संबंध नाही.

काम झालं की जमिनीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवा. नंतर पाण्यात, लाइफ जॅकेट घालून, काठाजवळ, हळू वेगात. पहिल्या फेरीला मालकाची पोरंबाळं बसवायची नाहीत, तो कितीही म्हणाला तरी.

पैशाचं बोलू. फोनवर पूर्ण आकडा कधीच सांगू नका. निदानाचे वेगळे घ्या, समजा ५०० रुपये आणि जाण्यायेण्याचा खर्च. बोल्ट काढून दोष कळला की मालकाला समोर उभं करून दाखवा, फोटो काढा, मग दोन आकडे द्या: रॉड सुटला तर इतके, नळी किंवा केबल बदलावी लागली तर इतके. त्याचा होकार मेसेजवर घ्या. त्या मुलाने एवढं केलं असतं तरी खिशातून पैसे गेले नसते.

खरं उत्पन्न मात्र दुरुस्तीत कमी आणि ठरलेल्या सर्व्हिसिंगमध्ये जास्त आहे. कोकणात पर्यटनाच्या बोटी पावसाळ्यात बंद असतात, मासेमारीची बंदी १ जूनला सुरू होते. तिकडच्या मेकॅनिकला बोटी ठेवताना आणि परत काढताना काम मिळतं. आपल्याकडे उलटं आहे, बचावाची बोट पावसाळ्यातच लागते. म्हणून तुमची फेरी मे महिन्यात झाली पाहिजे, आणि मालकाकडून महिन्यातून एकदा स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून घेतलं पाहिजे. सरकारी बोटीचं काम मिळालं तर कोटेशन, मंजुरी, बिल यात वेळ जातो, तेवढं भांडवल हाताशी ठेवून मगच हो म्हणा. एकट्या बोटींवर घर चालणार नाही, ट्रॅक्टरचं गॅरेज सोडू नका.

बिलावर ग्रीस कधी मारलं, कुठे मारलं आणि पुढची तारीख लिहा. तेच इंजिनाच्या कव्हरच्या आत स्टिकरवर लिहून चिकटवा, तुमच्या फोन नंबरसकट. बिल हरवतं, स्टिकर पुढच्या मे महिन्यापर्यंत तिथंच असतो.