घराच्या चौकशीचा फॉर्म : विचारायचे किती, सांगायचे किती?

भाड्याचे असो की मालकीचे, घराचा शोध आता मोबाइलवर सुरू होतो. जुम्म्याच्या नमाजनंतर चार ओळखीच्यांच्या कानावर घालून मुंब्र्यात किंवा कोंढव्यात खोली मिळवण्याची रीत अजून संपलेली नाही. पण पुण्यात नोकरी लागलेला मुलगा किंवा लग्नानंतर ठाण्यात राहायला जाणारी मुलगी आधी 99एकर्स, मॅजिकब्रिक्स, हाऊसिंग डॉट कॉम, नोब्रोकर यांपैकी काहीतरी उघडते. फोटो दिसतात, भाडे दिसते, स्वयंपाकघर किती मोठे आहे त्याचाही अंदाज येतो. पुढे मालकाशी बोलायचे म्हटले, की एक लहानशी चौकट समोर येते. नाव, मोबाइल नंबर, ईमेल, आणि खाली एक ठळक रंगाचे बटण.

या चौकटीला घरविक्रीच्या धंद्यात ‘लीड फॉर्म’ म्हणतात. तो भरणारा माणूस म्हणजे ‘लीड’. लीड ही विकत घेण्याची आणि विकण्याची वस्तू आहे, हे एकदा ध्यानात आले की फॉर्मची सगळी रचना उलगडते. आपण एका घराची चौकशी केली असे आपल्याला वाटते. पण तीच चौकशी एकापेक्षा जास्त एजंटांकडे जाऊ शकते. म्हणून संध्याकाळी पाच जणांचे फोन येतात आणि त्यातल्या एकालाही आपण पाहिलेले ते घर ठाऊक नसते. शिवाय फॉर्ममध्ये डोळ्यांना न दिसणारे रकानेही ठेवता येतात. आपण कोणत्या जाहिरातीवरून आलो, कोणत्या पानावर होतो, हे त्यांत आपोआप भरले जाते. फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या जाहिरातीचा फॉर्म तर आपल्या खात्यातले नाव आणि नंबर आधीच भरून समोर ठेवतो. एक बोट लागले की गेले.

आता बटणाजवळच्या बारीक ओळीकडे या. त्यात बहुधा असे म्हटलेले असते, की ही कंपनी आणि तिचे भागीदार मला फोन, एसएमएस, व्हॉट्सॲपवर संपर्क करू शकतात, माझा नंबर डीएनडीमध्ये असला तरीही. नको असलेले जाहिरातीचे फोन बंद व्हावेत म्हणून आपण 1909 वर नोंद करतो. पण या ओळीला होकार दिला, की त्या कंपनीपुरती ती नोंद आपणच बाजूला ठेवतो. त्याच्याच शेजारी अनेकदा दुसरा चौकोन असतो, ‘मला गृहकर्जात रस आहे’ असा, आणि कधी कधी त्यावर आधीच खूण केलेली असते. व्याजाच्या व्यवहारापासून दूर राहणाऱ्या घरांना या चौकोनाचा त्रास जास्त होतो. कर्ज घ्यायचेच नाही असे ठरवलेल्या माणसाला पुढचा महिनाभर कर्ज विकणाऱ्यांचे फोन घ्यावे लागतात. ती खूण काढता येते. काढून टाका.

फॉर्म कोणाच्या नावाचा आहे आणि तो खरोखर कोणाकडे जातो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्या गृहप्रकल्पाचे नाव शोधले की तशाच नावाची चार-पाच संकेतस्थळे दिसतात. सगळ्यांवर तेच फोटो, तोच बिल्डरचा लोगो, आणि तोच ‘किंमत जाणून घ्या’चा फॉर्म. यांतली काही बिल्डरची नसतात, त्या प्रकल्पातली घरे विकणाऱ्या एजंटांची असतात. तसे असणे गैर नाही. पण ते कळते कुठे, तर पान अगदी तळापर्यंत खाली सरकवल्यावर, फिकट अक्षरांत. तिथेच महारेराचा नोंदणी क्रमांकही शोधायचा. प्रकल्पाचा क्रमांक इंग्रजी ‘पी’ने सुरू होतो आणि एजंटाचा ‘ए’ने. नोंदणीशिवाय नव्या प्रकल्पाची जाहिरात करता येत नाही, आणि ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्रात अशा जाहिरातींवर क्यूआर कोड छापणेही बंधनकारक आहे. तो स्कॅन केला की प्रकल्पाची माहिती थेट महारेराच्या संकेतस्थळावर उघडते. त्यासाठी कोणाला नाव-नंबर द्यावा लागत नाही. जी माहिती फॉर्म भरून घेतल्याशिवाय दाखवत नाहीत, तिच्यातली बरीचशी, म्हणजे ताबा कधी मिळणार, किती घरे विकली गेली, जमिनीवर बोजा आहे का, ही तिथे फुकट मिळते. आमच्या मते चौकशीची सुरुवात तिथूनच व्हावी.

नंबर कोणाचा द्यायचा, हाही घरात आधी बोलून ठेवण्याचा विषय आहे. मोबाइलवर शोधाशोध करण्याचे काम बहुधा घरातल्या मुलीकडे किंवा सुनेकडे येते, कारण तिला ते भराभर जमते. मग नंबरही तिचाच जातो आणि अनोळखी लोकांचे फोन वेळी-अवेळी तिला येत राहतात. घरशोधासाठी वेगळे सिमकार्ड घेतलेली काही कुटुंबे आहेत. शोध संपला की ते बंद. खर्च थोडा आहे आणि डोक्याचा ताप बराच वाचतो.

आता पहिल्या रकान्याकडे, म्हणजे नावाकडे. आपल्यापैकी अनेकांना हा अनुभव आहे : फॉर्म भरला, सगळी माहिती दिली, आणि ‘घर आत्ताच गेले’ असा निरोप आला, ते घर मात्र पुढचे तीन आठवडे संकेतस्थळावर तसेच दिसत राहिले. भाड्याच्या घरांच्या काही फॉर्मांत शाकाहारी की मांसाहारी असेही विचारतात. प्रश्न ताटाचा असतो आणि उत्तर आडनावाचे वाचले जाते. अमेरिकेत 1968 च्या गृहनिर्माणविषयक कायद्याने धर्म, वंश यांवरून घर नाकारायला मनाई केली आहे. 2019 मध्ये नागरी हक्क संघटनांशी झालेल्या तडजोडीनंतर फेसबुकला तिथल्या घरांच्या जाहिराती वय, लिंग किंवा पिनकोड पाहून ठरावीक लोकांनाच दाखवण्याची सोय बंद करावी लागली. आपल्याकडे खासगी मालकाला बांधणारा असा स्वतंत्र कायदा नाही. उलट 2005 मध्ये अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याचा सहकारी संस्थेचा नियम सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. तेव्हा फॉर्म कसा बांधला आहे याला इथे जास्त किंमत आहे. नाव पहिल्या रकान्यात आणि सक्तीचे असेल, तर नकार द्यायला समोरच्याला आपला आवाजही ऐकावा लागत नाही.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण आपल्या घरांतली कितीतरी तरुण मुले आता याच धंद्यात आहेत. मुंब्रा, मीरा रोड, कोंढवा, औरंगाबाद, सोलापूर इथे इस्टेट एजंटाचे काम करणारी ही मुले स्वतःचे छोटेसे संकेतस्थळ बनवून घेतात आणि त्यावर फॉर्म टाकतात. बनवून देणारा मोठ्या कंपनीच्या फॉर्मची नक्कल करतो, फक्त लोगो आणि रंग बदलतो. इंग्रजी तसेच, दहा रकाने तसेच, कर्जाचा चौकोनही तसाच. आणि मग भाईजान विचारतात, लोक फॉर्म अर्धवट का सोडतात?

फॉर्म आपल्या नावाचा करायचा तर लोगो लावणे हे त्यातले सर्वांत सोपे काम आहे. गुगल फॉर्मवरही पाच मिनिटांत वरचे चित्र आणि रंग बदलता येतात. खरा बदल प्रश्नांत करायचा असतो. पहिल्या संपर्कासाठी काय लागते? घर कुठे हवे, भाड्याने की विकत, साधारण किती पैशांत, आणि एक नंबर. बस्स. नाव लागतेच, पण ते शेवटी विचारा आणि सक्तीचे ठेवू नका. गुगल फॉर्ममध्ये प्रत्येक प्रश्नाखाली ‘आवश्यक’चे बटण असते, ते बंद करायचे. पगार किती, घरात माणसे किती, हे समोरासमोर बसल्यावर कळते. आधार कार्डाचा फोटो तर चौकशीच्या फॉर्ममध्ये मागूच नये. इमारत विशिष्ट जमातीची आहे म्हणून ‘कोणत्या जमातीचे?’ असे आपल्यातलेही काही एजंट विचारतात. वरच्या परिच्छेदातली तक्रार ज्यांना पटली, त्यांनी हा रकानाही काढावा.

दोन रकाने मात्र वाढवावेत असे वाटते. एक, ‘फोन करू की व्हॉट्सॲपवर लिहू, आणि केव्हा?’ दुकान सांभाळणाऱ्या गिऱ्हाइकाला दुपारी चालते, नोकरदाराला रात्री. रमजानमध्ये इफ्तारच्या वेळी वाजलेला फोन कोणालाच नको असतो, तरावीहनंतर बोलू म्हणणारे पुष्कळ असतात. घरातली स्त्री चौकशी करत असेल तर ‘फक्त लिहून कळवा’ हा पर्याय तिला मोठा दिलासा देतो. दुसरा रकाना पैशांचा. ‘गृहकर्ज हवे का?’ याऐवजी ‘पैसे कसे देणार आहात?’ असे विचारा, आणि बँकेच्या कर्जाबरोबर ‘स्वतःच्या बचतीतून’ आणि ‘बिल्डरला टप्प्याटप्प्याने’ हेही पर्याय द्या. कर्ज न घेणारा ग्राहक कोणत्या घराकडे वळेल हे त्यातून लगेच कळते. (रोखीचा पर्याय ठेवू नका. जागेच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे. आणि नोंदणीकृत प्रकल्पात करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही, हे ग्राहकाला तुम्हीच सांगितले तर तो तुम्हाला विसरणार नाही.)

फेसबुकवर जाहिरात देणाऱ्यांसाठी एक सूचना. तिथे फॉर्म बनवताना ‘जास्त संख्या’ आणि ‘जास्त इरादा’ असे प्रकार विचारतात. पहिल्यात नावे भरपूर येतात, पण त्यांतल्या निम्म्यांना आपण फॉर्म भरला हेही आठवत नसते. दुसऱ्यात पाठवण्याआधी माणसाला आपली माहिती एकदा तपासावी लागते. आकडा कमी येतो. छोट्या एजंटाने दुसराच घ्यावा; शंभर जणांना फोन करायला त्याच्याकडे माणसे कुठे आहेत?

फॉर्म मराठीत असावा हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते. ‘सबमिट’च्या जागी ‘मला घर दाखवा’ लिहिले तर अम्मीलाही कळते की बटण दाबल्यावर काय होणार. यामागे आता कायद्याचेही बळ आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार, माहिती कशासाठी घेत आहोत याची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय ग्राहकाला द्यावी लागेल. मराठी आणि उर्दू दोन्ही त्या यादीत आहेत. संमती स्पष्ट कृतीतून दिलेली असली पाहिजे, म्हणजे आधीच खूण केलेला चौकोन चालणार नाही. ती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या 18 महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. माहिती नीट सांभाळली नाही तर दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये आहे. एवढा दंड गल्लीतल्या एजंटाला होईल असे नाही, पण ‘आपण छोटे आहोत’ म्हणून कायद्यातून सुटका होते असे समजू नये.

फॉर्मच्या तळाशी चार ओळी पुरतात : तुमचा नंबर फक्त या घराच्या चौकशीसाठी वापरू, दुसऱ्या एजंटाला किंवा बँकेला देणार नाही, नको असेल तर या नंबरवर ‘काढा’ असे लिहा, आणि नव्या प्रकल्पातली घरे विकत असाल तर तुमचा महारेरा क्रमांक. केवळ भाड्याची घरे दाखवणाऱ्याला ही नोंदणी लागत नाही. नव्या प्रकल्पातले घर विकणाऱ्याला लागते, आणि 2023 पासून त्यासाठी प्रशिक्षण घेऊन परीक्षाही द्यावी लागते.

या चार ओळी लिहिणे सोपे, पाळणे अवघड. फॉर्ममधली नावे बहुधा गुगल शीटमध्ये जमा होतात, आणि ती शीट ‘लिंक असणाऱ्या कोणालाही’ उघडता येईल अशी ठेवलेली असते, कारण ऑफिसातल्या मुलाला ती घरूनही पाहायची असते. तो मुलगा उद्या दुसऱ्या एजंटाकडे जातो आणि शीट त्याच्या मोबाइलमध्येच राहते. शेकडो घरांचे नंबर, बजेट आणि पत्ते, म्हणजे लोकांची अमानतच, अशी फिरत राहते. शीट ठरावीक ईमेलनाच उघडी ठेवा, माणूस काम सोडून गेला की त्याच दिवशी त्याचे नाव काढा, आणि ज्याला घर मिळाले किंवा ज्याने नको म्हटले त्याची ओळ महिनाअखेरीस पुसून टाका.