पाहुण्यांचे नगर आणि घरचा संघ

अमेरिकेतील नेवाडा राज्याच्या वाळवंटात लास व्हेगास हे शहर वसले आहे. १९०५ साली लोहमार्गाच्या कडेला जन्मलेले हे नगर पुढे द्यूतगृहे, भव्य हॉटेले आणि नाट्य-नृत्याचे रंगारंग कार्यक्रम यांमुळे जगप्रसिद्ध झाले. नगरात व त्याच्या परिसरात वीस लाखांहून अधिक लोक राहतात. पर्यटक मात्र वर्षाकाठी सुमारे चार कोटी येतात. अशा नगरात व्यावसायिक क्रीडासंघ तग धरील काय, हा प्रश्न दीर्घकाळ वादाचा होता.

शंकेला कारणेही होती. क्रीडासंघ चालतो तो नित्य येणाऱ्या प्रेक्षकांच्या आधारावर. बर्फावरील हॉकीचा संघ एका हंगामात घरच्या क्रीडागृहात सुमारे चाळीस सामने खेळतो. प्रवासी दोन-चार दिवसांत परत जातो आणि त्याचे मन त्याच्या गावच्या संघात गुंतलेले असते. रहिवाशांपैकी पुष्कळांना ऐन सायंकाळी हॉटेलांत कामावर जावे लागते. १९९४ मध्ये येथील 'पॉसी' या फुटबॉल-संघाला इतके थोडे प्रेक्षक लाभले, की त्याचा घरचा अखेरचा सामना कॅनडातील एडमंटन शहरी हलवावा लागला. एका हंगामातच तो संघ लयास गेला.

पुढे २०१५ मध्ये हॉकी-संघाच्या पुरस्कर्त्यांनी निराळा मार्ग धरला. संघ मिळण्यापूर्वीच त्यांनी हंगामभराच्या तिकिटांसाठी अनामत रकमा गोळा केल्या. दहा हजार तिकिटांचे उद्दिष्ट होते. तेही पूर्ण झाले. २०१७ मध्ये 'गोल्डन नाइट्स' हा संघ मैदानात उतरला.

पण घरचा पहिला सामना होण्यापूर्वीच, १ ऑक्टोबर २०१७ रोजी, नगरातील एका संगीत-समारंभात भीषण गोळीबार झाला आणि अनेक निरपराध माणसे बळी पडली. १० ऑक्टोबरच्या सामन्याआधी जखमींच्या मदतीला धावलेल्यांचा गौरव करण्यात आला. याच नगरात घर केलेला खेळाडू डेरिक एंगेलँड याने शोकाकुल नागरिकांना धीर दिला. त्या सामन्यात त्याने गोलही केला. तेव्हा मृतांची संख्या ५८ मानली जात होती. त्यांच्या स्मरणार्थ संघाने २०१८ मध्ये ५८ हा क्रमांक कायमचा राखून ठेवला. त्या दुःखातून संघ व नगर यांचे नाते जडले. २०२३ मध्ये संघाने स्टॅन्ले चषक जिंकला, तेव्हा नगराने तो विजय आपलाच मानला.

२०२० मध्ये 'रेडर्स' हा फुटबॉल-संघही येथे आला. त्याच्या क्रीडांगणाच्या खर्चाचा मोठा भाग हॉटेलांतील खोल्यांवरील करातून, म्हणजे बहुतांशी पाहुण्यांच्या खिशातून, उभा राहिला. त्याचे घरचे सामने हंगामात आठ-नऊच. म्हणून प्रतिपक्षाचे चाहते सहलीच्या निमित्ताने येऊन आसने भरू शकतात. तथापि, ते जयघोष करतात तो स्वतःच्या संघाचा.

तात्पर्य, पर्यटक धन देऊ शकतो आणि रिकामे आसनही भरू शकतो. परंतु पराभवानंतर पुन्हा दुसऱ्या सामन्याला येतो तो तेथील रहिवासीच. असे रहिवासी असतील, तर पाहुण्यांच्या नगरातही घरचा संघ नांदू शकतो.