बिडाचे भाग सांधताना : आधी सफाई, मग वेल्डिंग

पावसाळा सरला की धारगळ व पेडणे तालुक्यातील इतर गावांत शेतीची सारी भिस्त साठविलेल्या आणि उपसलेल्या पाण्यावर असते. तिळारी प्रकल्पाचे कालवे तालुक्यात आले असले, तरी विहिरीवरील पंपाचे महत्त्व कमी झालेले नाही. वायंगणाचे भात शेतात उभे असताना पंपाचे कवच तडकले, तर नवा भाग येईपर्यंत पीक थांबत नाही. अशा वेळी तो भाग वेल्डिंगच्या दुकानात नेला जातो, घाईने सांधला जातो आणि पुष्कळदा दोन दिवसांत त्याच सांध्याच्या कडेने नवा तडा पडतो. हा दोष बहुधा यंत्राचा नसून पूर्वतयारीतील उणिवेचा असतो.

बीड का तडकते?

पंपाचे कवच, तेलावरील इंजिनाचा ठोकळा, उसाच्या चरकाची दातेरी चाके हे भाग बहुधा ओतीव लोखंडाचे, म्हणजेच बिडाचे असतात. साध्या पोलादात कार्बनचे प्रमाण पाव टक्क्याच्या आसपास असते. बिडात ते सामान्यतः अडीच ते चार टक्के असते. करड्या बिडात हा कार्बन ग्रॅफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपाने विखुरलेला असतो. त्यामुळे बीड दाब उत्तम सोसते, परंतु ताण पडताच न वाकता तुटते. वेल्डिंगने एकच जागा तापली की ती प्रसरण पावते व निवताना आकुंचन पावू लागते. पोलाद अशा वेळी किंचित ताणले जाते, बीड तडकते. शिवाय झटपट निवलेला थर इतका कठीण व ठिसूळ होतो की त्यावर कानस चालत नाही.

भाग कशाचा आहे हे ओळखण्यासाठी कडेला छिन्नी लावून पाहावी. पोलादाचा कीस वळत निघतो. बिडाचा बारीक चुरा पडतो.

मळ आत दडलेला असतो

जुन्या बिडात वर्षानुवर्षे तेल मुरलेले असते. वरून पुसलेला भाग स्वच्छ दिसतो, पण उष्णता लागताच आतील तेल जळून वायू निघतो आणि सांध्यात छिद्रे राहतात. म्हणून प्रथम चिखल, गंज व रंग खरवडून काढावा. नंतर कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणाने भाग धुऊन, स्वच्छ पाण्याने खळाळून पूर्ण वाळवावा. या कामात हातमोजे व चष्मा आवश्यक होत. पेट्रोलने भाग कधीही धुऊ नये.

तडा डोळ्यांस दिसतो त्यापेक्षा लांब असतो. त्यावर रॉकेल लावून काही वेळाने पुसावे व खडू फासावा. आत शिरलेले रॉकेल खडूवर ओली रेघ उमटविते. या रेघेच्या दोन्ही टोकांपलीकडे तीन-चार मिलिमीटरचे छिद्र पाडावे, म्हणजे तडा पुढे सरकत नाही. नंतर तड्यावर इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची खाच घ्यावी. मग मंद ज्योतीने भाग सर्व बाजूंनी तापवून धूर निघणे थांबेपर्यंत तेल जाळावे आणि तारेच्या ब्रशाने खाच घासावी. पहिल्याच थरात छिद्रे दिसली, तर त्यावर दुसरा थर चढवू नये. तो काढून टाकून सफाई पुन्हा करावी.

सांधण्याच्या तीन रीती

पहिली रीत गरम सांधणीची. संपूर्ण भाग सुमारे ५०० ते ६५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून बिडाच्याच सळईने सांधतात. दुसऱ्या रीतीत निकेलचे इलेक्ट्रोड वापरून सुमारे २५ मिलिमीटर लांबीचे तुकड्या-तुकड्यांचे थर देतात. प्रत्येक थर गरम असतानाच गोल तोंडाच्या हातोडीने हलके ठोकतात व हात लावता येईल इतका निवल्यावरच पुढचा देतात. तिसरी रीत पितळी सळईच्या सांधणीची. तीत मूळ बीड वितळत नाही. मात्र जो भाग फार तापतो, तेथे ही रीत उपयोगाची नाही. काम झाल्यावर भागावर पाणी ओतू नये. गरम केलेला भाग कोरड्या राखेत किंवा वाळूत पुरून सावकाश निवू द्यावा.

कोणते भाग सांधू नयेत?

शापोरा व तेरेखोल नद्यांच्या काठी खाऱ्या पाण्याचा संपर्क येतो. अशा पाण्यात दीर्घकाळ राहिलेल्या बिडातील लोह झिजून जाते व ग्रॅफाइटचा मऊ सांगाडा उरतो. आकार जसाच्या तसा दिसतो, पण चाकूने तो खरवडता येतो. असा भाग, तसेच भट्टीत जळून फुगलेली जाळी, सांधण्याच्या योग्यतेची नसते. वेगाने फिरणारे तडकलेले गतिचक्र तर सांधून पुन्हा मुळीच चालवू नये. ते फुटल्यास जीवघेणा अपघात होतो. पोकळ भाग सांधण्यापूर्वी त्याची तोंडे उघडी करावीत, अन्यथा आतील वायू तापून स्फोट होण्याचा संभव असतो.

पेडणे व डिचोली येथे शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. शिक्षक बंधुभगिनींनी विद्यार्थ्यांना रॉकेल व खडूची साधी चाचणी मोडक्या भागावर अवश्य दाखवावी. शेतकरी बांधवांनीही भाग दुकानात देताना "लवकर द्या" असे न म्हणता "आधी तेल जाळून घ्या आणि सावकाश निवू द्या" असे सांगावे. सफाईला व निवण्याला एक दिवस अधिक दिला, तर भर हंगामात पंप दुसऱ्यांदा बंद पडण्याची वेळ टळेल.