काचेवरचे फूल

फुलाचे चित्र घ्यायचे तर कॅमेराच हवा, अशी माझीही समजूत होती. आमच्या नांदेडच्या घरी कागदपत्रांच्या प्रती काढण्यासाठी आणलेल्या स्कॅनरने ती मोडीत काढली.

कृती अगदी सोपी. काच मऊ फडक्याने पुसावी, फुलावरचे पाणी टिपून ते पालथे ठेवावे, झाकण उघडेच ठेवून खोलीतले दिवे मालवावेत. यंत्राचा उजेड काचेखालून सरकत जातो. जवळची पाकळी उजळते, लांबचे सारे काळोखात बुडते. जाड बांध्याच्या काही स्कॅनरांना काचेपासून थोडे वरचेही दिसते. सडपातळ यंत्रांना मात्र बहुधा काचेला टेकलेले तेवढेच स्पष्ट दिसते. दीड इंचाचे फूल १२०० डीपीआयने टिपून ३०० ने छापले, की सहा इंचांचे होते.

ही हौस तशी जुनी. ॲना ॲटकिन्स या इंग्रज बाईंनी १८४३ साली रसायन लावलेल्या कागदावर समुद्रशेवाळ ठेवून उन्हात त्याचे निळे ठसे घेतले होते. तेथेही कॅमेरा नव्हताच!

गेल्या माघात लातूरला आईकडे गेलो होतो. दृष्टी अधू झाल्यापासून तिचे शेताकडे जाणे थांबले आहे. निघताना म्हणाली, "करडई फुलली असेल ना रे? एकदा बघायची होती."

वाटेत एका शेतकऱ्याला विचारून दोन बोंडे घेतली. पण घरी कामाच्या धबडग्यात दोन दिवस गेले आणि पिशवीतले पिवळे फूल तांबडे पडून सुकले. मला अपराध्यासारखे झाले. तरी तेच काचेवर ठेवले.

पुढच्या खेपेस ते पानभर चित्र आईच्या हाती दिले. तिने डोळ्यांजवळ नेले, काट्यांवर बोट ठेवले आणि झटकन मागे घेतले. मी ओशाळून म्हणालो, "आई, फूल शिळं झालं होतं गं."

ती हसली. "शिळं कसलं? करडईचं फूल लाल झालं, म्हणजे दाणा भरायला लागला!"

वाचकहो, यंदा दिवाळीच्या तोरणातला झेंडू सुकला, तर टाकण्याआधी एकदा काचेवर ठेवून पाहा. आणि चित्र आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना दाखवा. यंत्र फूल मोठे करते. त्यातले काय पाहायचे, ते त्यांनाच ठाऊक असते.